बीजीएमआयमध्ये एडब्ल्यूएम मिळवावी कशी आणि वापरावी कशी : नव्या खेळाडूंसाठी मार्गदर्शन

'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे सर्वांच्या बोलण्यातला बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ, खेळायला लागल्यावर थोड्याच दिवसांत नव्या खेळाडूच्या कानावर एडब्ल्यूएमचे नाव पडते. ही बंदूक कुठल्याही घरात, गोदामात किंवा छपराखाली पडलेली सापडत नाही. ती विमानातून टाकल्या जाणाऱ्या पेटीतून, म्हणजे ड्रॉपमधून येते, आणि तिच्या गोळ्याही त्याच पेटीतून येतात. त्यामुळे अनेक नवे खेळाडू ड्रॉप दिसताच धावत सुटतात, पेटीपाशी पोहोचण्याआधीच गारद होतात, आणि ज्यांच्या हाती बंदूक लागते ते पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या गोळ्या उडवून मोकळे होतात. या लेखात दोन्ही गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे. माझे मत आधीच सांगतो : एडब्ल्यूएमची खरी किंमत तिच्या मोजक्या गोळ्यांमध्ये आहे, आणि ड्रॉपकडे जावे की नाही यापासून शेवटची गोळी कोणावर झाडावी इथपर्यंतचा प्रत्येक निर्णय त्या गोळ्यांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून घ्यायचा असतो.

आधी बंदूक समजून घ्या

एडब्ल्यूएम, म्हणजे 'आर्क्टिक वॉरफेअर मॅग्नम', ही ब्रिटनच्या अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल या कंपनीची, प्रत्यक्षात अस्तित्वात असलेली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर तिचा खटका (बोल्ट) मागेपुढे ओढावा लागतो. नावातला 'मॅग्नम' हा शब्द तिच्या जड काडतुसावरून आलेला आहे. खेळात ती .३०० मॅग्नम ही गोळी वापरते. करनाइन्टीएट आणि एमट्वेंटीफोर या जमिनीवर सापडणाऱ्या स्नायपर बंदुका ७.६२ च्या गोळ्या वापरतात आणि त्या गोळ्या नकाशावर जागोजागी असतात. .३०० मॅग्नमचे तसे नाही. पेटीतल्या एडब्ल्यूएमसोबत साधारणपणे २० गोळ्या मिळतात, आणि क्लासिक सामन्यात जमिनीवरच्या लुटीतून त्यांत भर पडेल अशी आशा धरता येत नाही.

आता तिची ताकद पाहू. खेळाडूची पूर्ण ताकद १०० मानली जाते. एडब्ल्यूएमच्या एका गोळीची मूळ हानी १०५ आहे, आणि स्नायपर बंदुकीची गोळी डोक्याला लागली तर ती हानी साधारण अडीच पटीने वाढते. लेव्हल थ्री हेल्मेट हानीतला ५५ टक्के भाग शोषून घेते. १०५ ला अडीचने गुणून त्यातून ५५ टक्के वजा केले तरी उरणारा आकडा १०० च्या वर राहतो, म्हणजे नवेकोरे लेव्हल थ्री हेल्मेट घातलेला खेळाडूही एकाच हेडशॉटमध्ये पडतो. हेच गणित करनाइन्टीएटच्या ७९ या आकड्याने करून पाहिले तर उत्तर ९० च्या आसपास येते आणि समोरचा खेळाडू वाचतो. अपडेटनुसार हे आकडे थोडेफार इकडेतिकडे होतात, पण दोन बंदुकांमधला हा फरक खेळाच्या सुरुवातीपासून टिकून आहे. लेव्हल टू हेल्मेटवर मात्र करनाइन्टीएटचा हेडशॉटही पुरेसा ठरतो, त्यामुळे समोरच्याच्या डोक्यावर काय आहे हे स्कोपमधून, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीतून, पाहण्याची सवय लावून घ्यावी. धडावर गोळी लागल्यास गोष्ट वेगळी असते. अंगात चिलखती जॅकेट नसेल तर एक गोळी पुरते, पण सामन्याच्या मध्यानंतर जॅकेट नसलेला खेळाडू क्वचितच भेटतो, आणि जॅकेट असेल तर बहुतेक वेळा दुसरी गोळी लागतेच.

नंतरच्या काळात ड्रॉपमध्ये लिंक्स एएमआर ही आणखी अवजड बंदूकही येऊ लागली. तिचा विशेष उपयोग चिलखती गाडीविरुद्ध होतो. माणसांशी लांबून लढायचे असेल तर शिकण्यासाठी एडब्ल्यूएमच अधिक सोयीची आहे असे मला वाटते.

पहिली पायरी : ड्रॉपची वाट पाहण्याआधी सराव

पुष्कळ नवे खेळाडू ही पायरी गाळतात आणि मग महत्प्रयासाने मिळवलेली बंदूक हातात येते तेव्हा तिचा स्कोपही नीट हाताळता येत नाही. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये सगळ्या बंदुका मांडून ठेवलेल्या असतात, त्यांत एडब्ल्यूएमही असते आणि तिथे गोळ्यांची ददात नाही. सामन्यात जे २० गोळ्यांत करायचे आहे ते इथे हवे तितक्या वेळा करता येते.

सराव सुरू करण्यापूर्वी सेटिंगमध्ये तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. बोल्ट अ‍ॅक्शन बंदुकांसाठी गोळी झाडण्याच्या दोन पद्धती असतात : 'टॅप' निवडल्यास बटणाला बोट लागताच गोळी सुटते, तर 'रिलीज' निवडल्यास बोट बटणावर दाबून ठेवता येते आणि उचलल्यावर गोळी सुटते. नव्या खेळाडूने दोन्ही वापरून पाहाव्यात. ज्याचा अंगठा बटण दाबताना हलतो आणि त्यासोबत नेमही हलतो, त्याला रिलीज पद्धतीचा फायदा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे आडोशामागून एका बाजूला झुकून गोळी झाडण्याची 'पीक अँड फायर' ही सोय. ती चालू नसेल तर चालू करावी. तिसरी गोष्ट सेन्सिटिव्हिटीची. एटएक्स, म्हणजे आठ पट मोठे दाखवणाऱ्या, स्कोपमधून पाहताना बोटाची लहानशी हालचालही पडद्यावर मोठी होते, म्हणून त्या स्कोपची सेन्सिटिव्हिटी इतर स्कोपांच्या मानाने बरीच कमी ठेवावी लागते. जायरोस्कोप (फोन हलवून नेम धरण्याची सोय) वापरणाऱ्यांनी तो फक्त स्कोप उघडल्यावरच चालू राहील असा पर्याय आधी वापरून पाहावा. दुसऱ्या कोणाचे सेन्सिटिव्हिटी कोड जसेच्या तसे उचलू नयेत. प्रत्येकाच्या फोनचा आकार, पडद्याचा वेग आणि हाताची पकड वेगळी असते.

यानंतर अंतराचा सराव. नकाशावर मार्कर लावला की त्याचे अंतर मीटरमध्ये दिसते. ट्रेनिंग ग्राउंडवर आधी जवळच्या, मग दूरच्या लक्ष्यावर मार्कर लावून प्रत्येक अंतरावर गोळी किती खाली जाते हे डोळ्यांनी पाहावे आणि एटएक्स स्कोपमधल्या मधल्या रेषेखालच्या खुणांपैकी कोणती खूण कोणत्या अंतराला जुळते ते लक्षात ठेवावे. हे पाठ करून येत नाही, नजरेत बसावे लागते. १०० मीटरच्या आत गोळीचा उतार विचारात न घेता थेट डोक्यावर नेम धरला तरी चालते. २०० च्या पुढे मात्र डोक्याच्या किंचित वर धरण्याची सवय लागते.

धावणाऱ्या लक्ष्याच्या बाबतीत थोडे गणित उपयोगी पडते. एडब्ल्यूएमची गोळी सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगाने निघते, आणि जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला साधारण ६ मीटर जातो. म्हणजे ३०० मीटरवर गोळी पोहोचेपर्यंत तो सुमारे २ मीटर, म्हणजे स्वतःच्या उंचीपेक्षा किंचित जास्त पुढे सरकलेला असतो. नेम तितका पुढे धरायचा. १०० मीटरवर हेच अंतर त्याच्या सुमारे एक तृतीयांश असते. लक्ष्य आपल्याच दिशेने किंवा सरळ दूर पळत असेल तर पुढे धरण्याची गरजच नसते, आणि असे लक्ष्य मिळेपर्यंत थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

दुसरी पायरी : ड्रॉप ओळखणे आणि जावे की नाही हे ठरवणे

सामना थोडा पुढे सरकला की मालवाहू विमानाची घरघर ऐकू येते. त्या वेळी विमान सरळ रेषेत जात असते. ते कुठून कुठे जात आहे हे पाहून ठेवावे, कारण पेटी त्याच रेषेवर कुठेतरी आणि बहुधा पांढऱ्या वर्तुळाच्या, म्हणजे नकाशावरच्या सुरक्षित क्षेत्राच्या, आत पडते. पेटी पॅराशूटने सावकाश खाली येते आणि जमिनीला टेकल्यावर तिच्यातून लाल धूर निघू लागतो. तो धूर तुम्हाला दिसतो तसा तो आसपासच्या सगळ्यांना दिसतो. एरांगेल हा नकाशा ८ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद आहे, म्हणून तिथे एखादी पेटी कोणी न फिरकता पडून राहू शकते. लिविक मात्र २ बाय २ किलोमीटरचा आहे आणि तिथे प्रत्येक पेटीवर कोणाची ना कोणाची नजर असतेच.

जाण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पेटी मोकळ्या माळावर आहे की झाडाझुडपांत, घरांजवळ? तिच्याभोवती उंच टेकडी आहे का, आणि असेल तर त्या टेकडीवर कोणी असेल का? माझ्याकडे स्मोक ग्रेनेड किती आहेत? आणि पेटीपासून सुरक्षित वर्तुळापर्यंत परतायला वाहन आहे का? मोकळा माळ, जवळ टेकडी आणि हातात एकही स्मोक नाही, अशी स्थिती असेल तर ती पेटी सोडून द्यावी. हे सांगणे नव्या खेळाडूला पटत नाही हे मी जाणतो, पण प्रत्येक पेटीत एडब्ल्यूएम असतेच असे नाही. ग्रोझा, एमके फोर्टीन, एमजी थ्री, पीनाइन्टी किंवा एएमआर या दुसऱ्या बंदुकांपैकीही काही निघू शकते. अनिश्चित लाभासाठी पूर्ण सामना पणाला लावावा का, हा विचार प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो.

याला एक उत्तम पर्याय आहे. पेटीपासून १५० ते २०० मीटरवर उंच आणि आडोशाची जागा धरून बसावे आणि कोण येते ते पाहावे. हातात साधी एमट्वेंटीफोर आणि फोरएक्स स्कोप असला तरी पेटीपाशी वाकलेला खेळाडू हे सोपे लक्ष्य असते. आलेले पथक तुम्ही संपवलेत तर पेटीतले सामान त्यांच्या क्रेटमध्ये (मारल्या गेलेल्या खेळाडूच्या सामानाच्या खोक्यात) किंवा पेटीतच तुमची वाट पाहत असते.

तिसरी पायरी : फ्लेअर गन

पेटी स्वतःहून बोलावण्याचा मार्ग म्हणजे फ्लेअर गन. ही पिस्तुलाच्या जागी बसते आणि लुटीत क्वचितच सापडते. ती सापडल्यावर नवे खेळाडू एक चूक हमखास करतात, ती म्हणजे लगेच आकाशात झाडणे. ती कुठे झाडायची हे महत्त्वाचे आहे. पांढऱ्या वर्तुळाच्या आत झाडली तर मोठा ड्रॉप येतो, ज्यात नेहमीच्या पेटीपेक्षा जास्त सामान असते; वर्तुळाच्या बाहेर झाडली तर त्याऐवजी बीआरडीएम ही चिलखती गाडी येते. एडब्ल्यूएम हवी असेल तर नकाशा उघडून आपण वर्तुळाच्या आत आहोत याची खात्री करावी, छत नसलेल्या जागी उभे राहावे आणि नळी सरळ वर धरावी. फ्लेअरचा प्रकाश दूरवरून दिसतो, म्हणून ती झाडण्यापूर्वी संपूर्ण पथकाने आपापल्या जागा घेतलेल्या असाव्यात. आधी झाडून मग जागा शोधू म्हटले तर पाहुणे आधी येतात.

चौथी पायरी : पेटी उघडणे

वाहन घेऊन जायचे ठरले तर ते पेटीपासून दूर सोडून चालत जाऊ नये. वाहन पेटीला चिकटून असे उभे करावे की सर्वांत धोकादायक दिशा वाहनाने झाकली जाईल. पेटी स्वतःही आडोसा देते. मग उरलेल्या बाजूला स्मोक टाकावा, तो पुरता पसरू द्यावा, आणि त्यानंतरच पेटी उघडावी. पेटीची यादी पडद्याचा मोठा भाग व्यापते आणि त्या काही क्षणांत आजूबाजूचे काही दिसत नाही, म्हणून चौघांच्या पथकात एकानेच पेटी उघडावी आणि तिघांनी तीन दिशांना पाहावे. दिशा सांगताना पडद्यावरच्या होकायंत्राचा आकडा सांगावा : 'तिकडे, त्या झाडामागे' या वाक्याने कोणालाच काही कळत नाही, '२१० ला झाडामागे एक जण' या वाक्याने तिघांचीही नजर एका जागी जाते.

सामान उचलण्याचा क्रम आधीच ठरलेला हवा. आधी बंदूक, लगेच तिच्या सगळ्या गोळ्या, मग लेव्हल थ्री हेल्मेट आणि जॅकेट, मग एटएक्स स्कोप, आणि वेळ उरला तरच गिली सूट (गवतात लपवणारा पोशाख) व औषधे. गडबडीत बंदूक घेऊन गोळ्या तशाच सोडून निघालेले खेळाडू मी पाहिले आहेत. बॅग भरलेली असेल तर पेटीकडे निघण्याआधीच जादा ७.६२ च्या गोळ्या किंवा नको असलेले ग्रेनेड टाकून जागा करावी.

एडब्ल्यूएम कोणाकडे जावी हेही आधीच ठरवावे. पेटी उघडणाऱ्याने ती स्वतःकडे ठेवण्याची प्रथा आहे, पण पथकात ज्याचा नेम सर्वांत चांगला त्यालाच ती देणे शहाणपणाचे असते. नव्या खेळाडूने ती अनुभवी साथीदाराला द्यावी आणि त्याच्या शेजारी बसून तो कोणती गोळी झाडतो व कोणती राखून ठेवतो हे पाहावे. त्यातून स्वतः वीस गोळ्या उडवण्यापेक्षा जास्त शिकायला मिळते.

पाचवी पायरी : अ‍ॅटॅचमेंट आणि जोडीची बंदूक

नळीच्या टोकाला स्नायपर सप्रेसर (गोळीचा आवाज दाबणारा भाग) मिळाला तर तोच लावावा. मोबाइलवर झाडलेल्या गोळीची दिशा जवळच्या खेळाडूंच्या मिनीमॅपवर दिसते, आणि सप्रेसरमुळे ती खूण दूरच्या खेळाडूपर्यंत पोहोचत नाही. मॅगझिनमध्ये मुळात ५ गोळ्या बसतात, एक्स्टेंडेड मॅगने ७ बसतात. मात्र एकूण गोळ्याच मोजक्या असल्यामुळे याचा फार अट्टहास करू नये. चीक पॅडमुळे (दस्त्यावर गाल टेकवण्याच्या गादीमुळे) नेम स्थिर होतो, तो दिसला तर घ्यावा. दुसऱ्या जागी एमफोरसिक्सटीनसारखी, जवळच्या लढाईत भराभर चालणारी रायफल हवीच, कारण एडब्ल्यूएमचा बोल्ट मागेपुढे होईपर्यंत धावत आलेला शत्रू तुमच्यापर्यंत पोहोचतो. दोन्ही जागी स्नायपर बंदुका घेण्याचा मोह टाळावा.

सहावी पायरी : गोळी केव्हा झाडावी

प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढला जातो आणि त्या वेळात नजर स्कोपमधून बाहेर येते. या जवळपास दोन सेकंदांत समोरचा आडोसा घेतो, औषध घेतो किंवा तुमच्या दिशेने गोळ्या झाडतो. म्हणून पहिली गोळी हीच खरी संधी समजावी. शत्रू थांबला आहे, त्याला तुमचा पत्ता नाही आणि त्याच्या डोक्याचा पुरेसा भाग दिसतो आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय झाडू नये. लूट करणारा, नकाशा पाहणारा, वाहनात बसायला निघालेला किंवा औषध घेणारा खेळाडू काही क्षण एका जागी असतो. अशा क्षणांची वाट पाहावी. वेगाने जाणाऱ्या वाहनावर .३०० मॅग्नम खर्च करू नये.

गोळी लागली किंवा चुकली, जागा बदलावी. त्याच खिडकीतून किंवा त्याच दगडाआडून दुसऱ्यांदा डोके काढणाऱ्याची वाट समोरचा स्नायपर पाहतच असतो. आडोसा निवडताना उजवीकडून झुकता येईल असा निवडावा. थर्ड पर्सन खेळात कॅमेरा उजव्या खांद्यामागे असतो, त्यामुळे उजवीकडून पाहताना शरीराचा कमी भाग उघडा पडतो. टेकडीच्या अगदी माथ्यावर उभे राहिल्यास आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती स्पष्ट उठून दिसते, म्हणून माथ्यापासून थोडे खाली आणि झाडाच्या सावलीत राहावे.

चौघांच्या सामन्यात हेडशॉट लागलेला खेळाडू नॉक होतो, म्हणजे लगेच बाद न होता जमिनीवर पडतो, आणि त्याला उठवायला साथीदाराला १० सेकंद लागतात. इथे एडब्ल्यूएम असणाऱ्याने घाईने दुसरी गोळी त्या पडलेल्या खेळाडूवर घालवू नये. त्याला वाचवायला येणारा साथीदार तितका वेळ जवळजवळ एका जागी बसून राहणार असतो, आणि तुमची पुढची गोळी त्याच्यासाठी आहे. समोरच्यांनी स्मोक टाकला तर मात्र त्या धुरात अंदाजाने एडब्ल्यूएम झाडू नये. ते काम दुसऱ्या रायफलने किंवा ग्रेनेडने पथकातल्या दुसऱ्याने करावे.

दुसऱ्याकडे एडब्ल्यूएम असेल तेव्हा

पडद्यावरच्या किल फीडमध्ये कोणी कोणत्या बंदुकीने कोणाला पाडले हे दिसत असते. त्यात एडब्ल्यूएमची खूण दिसली की सामन्यात ती कोणाच्या तरी हातात आहे हे गृहीत धरावे आणि त्यानंतर उघड्यावर थांबून लूट करणे बंद करावे. तिच्यासमोर हेल्मेटचा भरवसा धरता येत नाही, पण तिचा बोल्ट तुमच्याही उपयोगाचा आहे. गोळी चुकल्याचा आवाज आला की लगेच जवळच्या आडोशापर्यंत धावावे, सरळ रेषेत नव्हे तर दिशा बदलत. अंतर कमी असेल आणि साथीदार बरोबर असतील तर त्या मधल्या वेळात दोन बाजूंनी चाल करून जाणे हा सर्वांत चांगला उपाय आहे.

पैसे आणि वेळ

एडब्ल्यूएमच्या रंगीबेरंगी स्किन दुकानात दिसतात. स्किनने बंदुकीचे रूप बदलते, तिची हानी वाढत नाही आणि ड्रॉपमध्ये ती मिळण्याची शक्यताही वाढत नाही. दर सामन्यात एडब्ल्यूएम मिळवून देतो, असे सांगून अ‍ॅप, फाइल किंवा खाते विकणाऱ्यांपासून दूर राहावे. बदल केलेल्या फाइली वापरल्यास खाते बंद होते आणि दिलेले पैसे परत येत नाहीत. अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. एरांगेलचा पूर्ण सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, त्यामुळे शेवटचा सामना सुरू करण्याआधी उरलेला वेळ पाहावा, नाही तर बंदूक हाती येऊन सामना अर्ध्यात सुटतो.

गोळ्या संपत आल्यावर

शेवटचे वर्तुळ लहान होत जाते तशी लांबची लक्ष्ये कमी होतात. पाचच गोळ्या उरल्या असतील आणि अजून दोन-तीन पथके शिल्लक असतील तर त्या पाच गोळ्या लेव्हल थ्री हेल्मेटवाल्यांसाठी राखाव्यात. साध्या हेल्मेटवाल्यांना साथीदाराची एमट्वेंटीफोर पुरते. गोळ्या अगदी संपल्या की एडब्ल्यूएम हातात ठेवून उपयोग नाही. जवळच्या क्रेटमधली करनाइन्टीएट किंवा एमट्वेंटीफोर उचलावी, एटएक्स स्कोप, सप्रेसर आणि एमट्वेंटीफोर असेल तर चीक पॅडही तिच्यावर चढवावेत आणि ७.६२ च्या गोळ्या घेऊन खेळ पुढे चालू ठेवावा.